पाणी आणि चकाकी : जुन्या शस्त्रांच्या अंगाविषयी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर जागच्या जागी बसलं. आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगारा उपसताना तात्यांच्या टिकावाखाली खण्णकन आवाज झाला. माती बाजूला सारली तर ज्वारीच्या फुटलेल्या कणगीशेजारी टोप पडलेला. पुस्तकात त्याला शिरस्त्राण म्हणतात. आमच्या घरात मात्र त्याचं नाव टोपच. पिढ्यान्‌पिढ्या देवघराच्या कोनाड्यात असलेला, खंडेनवमीला एकदा बाहेर निघणारा. काळपट तपकिरी, हाताला किंचित चिकट लागणारा, पुढे नाकपट्टी आणि वर तुऱ्याची नळी. त्या वर्षी गावात दसरा झालाच नाही. तरीही आज्जीने पत्र्याच्या शेडमध्ये पाट मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या वर्षी घर नव्याने उभं राहिलं. नव्या घरात जुना टोपही नव्यासारखा दिसावा, अशा चांगल्या भावनेने तात्या तो एका पॉलिशच्या कारखान्यात घेऊन गेले. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा स्टीलच्या पातेल्यासारखा लखलखत होता. शेजारीपाजारी बघायला आले. आज्जीने मात्र त्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "वेल कुठं गेली रे?" तिच्या बोटांना त्या तपकिरी थराखाली एक वेल लागायची. दर खंडेनवमीला तेल लावताना तिला ती जाणवायची. बफिंगच्या चाकाने तो थर गेला आणि त्याबरोबर वेलही गेली.

ती वेल सोन्याची होती हे मला कळायला आणखी पंधरा वर्षं जावी लागली. नाकपट्टी जिथे टोपाला जडते तिथे आतल्या अंगाला चाक पोहोचलं नव्हतं. दोन बोटं रुंद एवढी जागा जशीच्या तशी राहिली होती. भिंग लावून पाहिलं तेव्हा तिथे केसाएवढ्या सोन्याच्या तारेची तीन पानं आणि एक वळसा दिसला. आणि वरचा तपकिरी थर, ज्याला आम्ही सगळे गंज समजत होतो, तो गंज नव्हताच. ते करडईचं तेल होतं. करडईचं तेल हवेत हळूहळू वाळतं, घट्ट होतं आणि शेवटी त्याचं रोगण बनतं. दरवर्षी लावलेल्या तेलाची ही पुटं सोन्याच्या वेलीवर पांघरुणासारखी बसली होती. ज्याला मळ म्हणून काढलं, त्यानेच ती वेल जपली होती.

हे पुस्तक त्या दोन बोटांच्या जागेतून सुरू झालं.

जुन्या शस्त्रावर लिहिणारा माणूस बहुतेक वेळा त्याचा आकार सांगतो, मालकाचं नाव सांगतो, लढाई सांगतो. अंगाविषयी, म्हणजे ज्यावर प्रत्यक्ष नजर पडते त्या वरच्या पातळ थराविषयी, फारसं कुणी बोलत नाही. खरं तर कारागिराचं अखेरचं आणि सर्वात नाजूक काम तिथेच असतं. पोलादावर उमटवलेलं पाणी, तापवून आणलेली निळाई, सोन्यारुप्याची कोफ्तगिरी, पाऱ्याच्या साहाय्याने चढवलेला मुलामा, गेंड्याच्या कातड्याच्या ढालीवरचं लाखेचं रोगण, म्यानाच्या मखमलीखालची लाकडी पट्टी : हे सगळं मिळून शस्त्राचं अंग होतं. या थरांची जाडी कधी कधी कागदाहून कमी असते. पातं तीनशे वर्षं टिकतं आणि त्याचं अंग एका दुपारी जातं.

मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे : पाणी. तलवारीला पाणी देणं, पाणीदार तलवार, हे आपण आजही बोलतो. पण त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे तापलेलं पातं विझवून त्याला कठीणपणा आणणं. दुसरी म्हणजे दख्खनी पोलादाच्या पृष्ठभागावर दिसणारी लाटालाटांची नक्षी. फारसीत तिला जौहर म्हणतात. ही दुसरी गोष्ट आपल्या दाराशी घडत होती याचा मराठवाड्याला विसर पडला आहे. नांदेडहून गोदावरी धर्माबाद-बासरवरून तेलंगणात उतरते. तिच्या दक्षिणेला निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. एके काळी इथल्या मुशींमधून निघालेल्या पोलादाच्या लगडी इराणपर्यंत जात. हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षण खात्यातल्या भूशास्त्रज्ञाने तिथली भट्टी स्वतः पाहिली होती. १८३२ साली छापल्या गेलेल्या त्याच्या वर्णनात माल घेण्यासाठी इस्फहानहून येऊन राहिलेला एक व्यापारी भेटतो. नदीच्या उत्तरेला निर्मळ, तेही तलवारींसाठी नावाजलेलं. आणि लातूरच्या अंगाला उदगीरहून तास-दीड तासावर बिदर, जिथे जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी जडवून किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने तिला काळंभोर केलं जातं. चांदी पांढरीच राहते, जस्त काळं पडतं. म्हणजे धातूच्या अंगाला रंग देण्याच्या दोन थोर परंपरांच्या मधोमध आपले नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे वसले आहेत.

पोलादातलं पाणी हे वरून रंगवलेलं नसतं. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं हे पोलाद मुशीत वितळवून फार सावकाश थंड केलं, मग बेताच्या आचेवर ठोकलं, की त्यात कठीण कणांच्या रांगा तयार होतात. घासून गुळगुळीत केलेल्या पात्यावर हिराकसाचं सौम्य द्रावण फिरवलं की आजूबाजूचं लोखंड किंचित काळवंडतं आणि त्या रांगा उजळ उठून दिसतात. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये या पोलादाचं पृथक्करण करून पाहिलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षं युरोप-अमेरिकेतले लोक त्याच्यामागे होते. १९९० च्या दशकात जॉन व्हेरहोवेन आणि आल्फ्रेड पेंड्रे या धातुशास्त्रज्ञ-लोहार जोडीने दाखवून दिलं की खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा नखाएवढा अंशही त्या रांगा जुळवायला पुरतो.

इथे एक भेद आहे आणि या पुस्तकाचा कणा तोच आहे. पाणी पोलादाच्या आतवर असतं. वरची नक्षी घासून गेली तरी जाणत्या हाताला ती पुन्हा उठवता येते. कोफ्तगिरीचं तसं नाही. त्यात लोखंडावर चाकूने बारीक आडव्या-उभ्या खरवडी पाडतात, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात आणि मोहऱ्याने घोटतात. ते सोनं त्या खरवडीला नुसतं धरून असतं. चाक फिरलं की खरवडी सपाट होतात आणि सोनं धुळीत जातं. ते परत येत नाही. नवं सोनं बसवता येईल, पण ती वेल आजच्या माणसाची होईल. काय परत आणता येतं आणि काय कायमचं जातं हे हात लावण्याआधी ओळखणं, यालाच मी जतनाची पहिली विद्या मानतो.

ही विद्या आपल्याकडे कुणाकडे होती? शिकलगारांकडे. अरबीतला 'सैकल' म्हणजे घासून उजळणं, त्यावरून सैकलगर, सिकलीगर, शिकलगार. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनाव मुसलमान घरांत सर्रास आढळतं. नांदेडात सिकलीगर शीख आहेत, ज्यांचं नातं गुरू गोबिंदसिंहांच्या शस्त्रागाराशी सांगितलं जातं. त्यांची पुढची पिढी आज विळे, कढया, बादल्या करते, कुलपं दुरुस्त करते. अशाच एका वृद्ध शिकलगाराकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत एक तलवार होती, तीही बफ मारलेली. त्यांनी ती उन्हात तिरपी धरली, श्वास सोडून पात्यावर वाफ धरली, वाफ कशी ओसरते ते बघितलं. मग म्हणाले, "बेटा, चकाकी आलीय, पण पाणी मेलंय. थांब, मेलं नाही. झोपलंय." मी विचारलं, "चाचाजी, उठेल का?" ते म्हणाले, "उठेल. पण तू घाई करशील तर मी हात नाही लावणार."

त्यानंतर अकरा दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसलो. पहिले तीन दिवस त्यांनी पात्याला फक्त कापडाने आणि गोडेतेलाने पुसलं आणि प्रत्येक वेळी कापडावर काय उतरतं ते मला दाखवलं. मग अगदी बारीक दगडाने, एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे. चाकाने पडलेले गोल ओरखडे निघेपर्यंत एवढंच. अकराव्या दिवशी हिराकसाचं पाणी कापसाच्या बोळ्याने फिरवलं आणि राखाडी पात्यात एकेक लाट उमटू लागली, जशी पहाटे गोदावरीच्या पात्रावर वाऱ्याने उठते. मुठीजवळ पात्यावर एक पुसट खूण होती, तिथे मात्र त्यांनी दगड टेकवलाच नाही. "ही कुणाची तरी सही आहे," एवढंच म्हणाले. आता आपण ज्याला आधुनिक संवर्धनशास्त्र म्हणतो त्याची जवळजवळ सगळी तत्त्वं त्या ओसरीवर मला दिसली : आधी बघणं, कमीत कमी हात लावणं, खुणा राखणं आणि जे परत आणता येत नाही तिथे थांबणं.

त्या खुणांचं मोल सांगायला हवं. सतराव्या-अठराव्या शतकात दख्खनेत वापरल्या गेलेल्या कितीतरी सरळ तलवारींची पाती युरोपातून आलेली. त्यांना आपण फिरंग म्हणायचो. दांडपट्ट्याचीही बरीच पाती तिकडचीच. त्यातली काही जर्मनीतल्या सोलिंगेन गावात घडलेली. पासाऊ आणि सोलिंगेनच्या कारागिरांची धावत्या लांडग्याची खूण त्यांवर कोरलेली सापडते. म्हणजे जर्मन लोहाराचं पातं, त्यावर इथल्या कारागिराने बसवलेली मूठ आणि ते धरणारा मराठी गडी. एवढा मोठा प्रवास नखाएवढ्या खुणेत मावलेला असतो आणि एमरी पेपरचा एक हात तो पुसून टाकायला पुरतो.

जर्मनीचा धागा इथेच संपत नाही. संग्रहालयात रसायनशास्त्रज्ञ बसवून वस्तू जपण्याची पहिली प्रयोगशाळा १८८८ मध्ये बर्लिनच्या राजेशाही संग्रहालयांत फ्रीड्रिख राथगेन यांच्याकडे सोपवली गेली. जमिनीतून निघालेलं लोखंड हवेत आल्यावर का फुटतं, त्यातले क्षार कसे काढायचे, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. ब्रिटिश म्युझियमची प्रयोगशाळा पहिल्या महायुद्धानंतर उभी राहिली, कारण युद्धकाळात भुयारी रेल्वेच्या दमट बोगद्यात ठेवलेल्या वस्तू खराब होऊन बाहेर आल्या. आपल्याकडे लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ ची.

आणि जर्मन सैनिकांचे टोपच बघा. प्रशियाने १८४२ मध्ये आणलेला, वर भाल्यासारखं टोक असलेला टोप मूळचा चामड्याचा, वरून काळ्या रोगणाचा. १९१६ मध्ये खंदकांतल्या लढाईसाठी पोलादी टोप आला. त्यावर कारखान्याचा एक रंग, आणि १९१८ च्या उन्हाळ्यात सैनिकांनी त्यावर चढवलेले हिरव्या-तपकिरी-पिवळ्या तुकड्यांचे दुसरे रंग. आज जगभरचे संग्राहक या टोपांवरून भांडतात. एक म्हणतो, गंजला आहे, खरवडून कारखान्याचा रंग पुन्हा द्या. दुसरा म्हणतो, वरचा रंग काढून मूळचा उघडा करा. तिसरा म्हणतो, हात लावू नका, ज्याने तो डोक्यावर घातला त्याच्या हातचा रंग तोच. मी या तिसऱ्याच्या बाजूचा आहे. नवा रंग दिलेला टोप नवा दिसतो, पण त्याला आता काहीच सांगता येत नाही. आमच्या घरच्या टोपाने मला हे शिकवलं, जर्मन टोपांनी त्याला दुजोरा दिला.

तरीही संग्रहालयाचा नियम सरसकट सगळीकडे लावता येत नाही, आणि हे नांदेडात राहणाऱ्याला विसरता येणार नाही. सचखंड श्री हुजूर साहिब इथे, जिथे १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंहांनी देह ठेवला, तिथली शस्त्रं काचेआडचे अवशेष नाहीत. संध्याकाळी आरतीनंतर त्यांचं दर्शन घडवलं जातं, एकेकाची ओळख सांगितली जाते. दिवाळीला तख्त स्नान होतं, संगत गोदावरीचं पाणी घागरींतून आणते आणि तख्ताबरोबर शस्त्रांचीही सेवा होते. लोखंडाला पाणी लावू नये असं रसायनशास्त्र सांगतं. पण ज्या शस्त्राला ती सेवा मिळते त्याला दुसऱ्याच दिवशी कोरडं पुसणारे, तेल देणारे, वर्षभर डोळ्यात तेल घालून राखणारे हातही मिळतात. लोखंड पाण्याने मरत नाही इतकं दुर्लक्षाने मरतं. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली तलवार मी तीन पावसाळ्यांत चाळणी झालेली पाहिली आहे. म्हणून पूजेतलं शस्त्र आणि संग्रहातलं शस्त्र यांची शुश्रूषा वेगळी, आणि पहिल्याविषयी बोलताना आपण आधी पादत्राणं बाहेर काढावीत, असं माझं मत आहे.

हेच आपल्या घरांनाही लागू. खंडेनवमीला नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत तलवार, कट्यार, बिचवा, एखादं भाल्याचं पातं पाटावर येतं. त्याला चिंच किंवा लिंबू चोळायचं, विटेच्या पुडीने घासायचं, खोबरेल लावायचं, ही सर्वांची पद्धत. चिंच-लिंबाचं आम्ल गंज काढतं खरं, पण खाचांत राहून गेलं की पुढचं वर्षभर आतून खातं. विटेची पूड म्हणजे बारीक वाळूच. दर वर्षी थोडं थोडं पातं ती नेते. कुंकवातला ओलावा मुठीच्या कोफ्तगिरीत साठतो. यातलं काही सोडा म्हटलं तर आज्ज्या रागावतात आणि त्यांचा राग बरोबर असतो, कारण त्या हातांनीच ही शस्त्रं इथवर आणली. पण शस्त्राखाली पाटावर कुंकू वाहिलं तरी पूजा होते, हे मी माझ्या आज्जीला पटवू शकलो. तिला पटलं म्हणून मला लिहायचा धीर आला.

आज हे पुस्तक का, याचं उत्तर माझ्याकडे कडवट आहे. वाडे पडताहेत, वाटण्या होताहेत आणि एक तलवार तीन भावांत कुणाकडे जायची हे ठरताना ती आधी पॉलिशला जाते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत शोभावी म्हणून जुन्या पात्यांवर क्रोमियमचा मुलामा चढवलेला मी पाहिला आहे. मोबाइलवर पाच मिनिटांत गंज घालवणारे व्हिडिओ मुलं बघतात आणि ग्राइंडर घेऊन बसतात. ज्या हातांना थांबणं माहीत होतं ते शिकलगार सत्तरी-ऐंशीत आहेत. आणखी पंधरा वर्षांनी त्यांचे शब्दही राहणार नाहीत. कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ चा कायदा ती देशाबाहेर जाऊ देत नाही. पण घरातल्या घरात तिचं अंग सोलणाऱ्याला कुठलाच कायदा अडवत नाही. तिथे फक्त माहिती उपयोगी पडते.

म्हणून या पुस्तकात कृतींची यादी मुद्दाम ठेवलेली नाही. कुठलं आम्ल किती थेंब, हे वाचून कुणी घरी प्रयोग करावा अशी माझी इच्छा नाही. त्याऐवजी बघायला शिकवण्याचा प्रयत्न आहे. तपकिरी थर गंजाचा की तेलाचा, काळेपणा आगीतून आणलेला की दमटपणाने आलेला, खड्डे जुने मुरलेले की अजून ओले खाणारे, हे भिंग, कापूस आणि तिरपा उजेड एवढ्यावर कसं ओळखायचं. कुठे आपण स्वतः पुसून मेण लावलं तरी चालतं आणि कुठे जाणकाराकडेच गेलं पाहिजे. शिकलगारांच्या ओसरीवर ऐकलेले शब्द जिथे मिळाले तिथे तसेच ठेवले आहेत, त्यांच्या बोलीतल्या हिंदी-पंजाबी वळणांसकट. कंधार, उदगीर, औसा या किल्ल्यांच्या परिसरातल्या घरांत जी शस्त्रं मला बघायला मिळाली, त्यांची छायाचित्रं आहेत. घरांची नावं दिलेली नाहीत, तशी मी हमी दिली होती. काही पानांवर बिघडलेल्या कामांची छायाचित्रं आहेत आणि त्यात आमच्या टोपाचंही आहे. ज्यांच्या हातून ती बिघडली त्यांची मनं वाईट नव्हती, तात्यांचंही नव्हतं.

तात्या आता नाहीत. टोप माझ्याकडे आहे. नाकपट्टीच्या आतली ती दोन बोटं जागा मी आजवर साफ केलेली नाही. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस बांबूच्या काडीला गुंडाळून कडेची तांदळाएवढी जागा फक्त एकदा उघडली, खाली सोनं आहे याची खात्री करून घेतली आणि बाकी तेलाचा थर तसाच राहू दिला, वरून पातळ मेण देऊन. उरलेल्या चकचकीत भागाला काही केलेलं नाही. तो वर्षागणिक आपोआप मंद होतो आहे. खंडेनवमीला चुलती पाट मांडते, कुंकू पाटावर वाहते आणि मग माझ्या मुलीचं बोट धरून नाकपट्टीच्या आत, त्या तीन पानांवर, हळूच टेकवते.